टांगा हाकायला शिकलेच पाहिजे: टूरिंग मोटारसायकलीचे एक वर्ष

चळवळीत काम करणाऱ्या माणसांना चारशे सीसीची मोटारसायकल कशाला हवी? गेल्या वर्षभरात हा प्रश्न आम्हाला दोन प्रकारच्या लोकांनी विचारला. पहिले, सवर्ण ओळखीचे. त्यांच्या प्रश्नात खरा प्रश्न वेगळाच असतो: तुमच्या लोकांकडे आता एवढा पैसा येतो कुठून? दुसरे आपलेच, जयभीमवाले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे. कार्यकर्ता साधा असावा, त्याने एसटीने फिरावे, गाडी घ्यायचीच तर शंभर सीसीची घ्यावी, अशी त्यांची भावना आहे. पहिल्यांना उत्तर द्यायला आम्ही बांधील नाही. दुसऱ्यांना मात्र आहोत, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही समाजकार्यात. नाशिकला राहतो. गाडी स्पोर्ट टूरिंग प्रकारातली आहे. म्हणजे रेसिंगच्या गाडीसारखे फार वाकावे लागत नाही आणि बुलेटसारखे एकदम ताठही बसत नाही. पुढे वारा अडवायला विंडशील्ड, मागे दोघांचे सामान लावायची सोय, आणि दिवसभर ८०-९० च्या वेगाने चालवली तरी इंजिनला धाप लागत नाही. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण फुकटची जाहिरात करायची नाही. चार वर्षे वापरलेली गाडी १ लाख ४० हजारांना घेतली. कर्ज काढले नाही. वर्षात १३ हजार किलोमीटर झाले.

आधी हिशेब मांडतो, कारण आपल्या तरुणांना गाडीचा आवाज ऐकू येतो, खर्च ऐकू येत नाही. लिटरला सरासरी २८ किलोमीटर पडले. म्हणजे सुमारे ४६४ लिटर पेट्रोल आणि १०५ च्या भावाने साधारण ४९ हजार रुपये. तेवढेच अंतर शंभर सीसीच्या गाडीने २३ हजारांच्या आत झाले असते. विम्याचेही तसेच. १५० सीसीपर्यंतच्या साध्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे, ३५० सीसीच्या वर गेलात की तोच २,८०४ रुपये होतो. मागचा रुंद रेडियल टायर साध्या गाडीच्या दोन्ही टायरपेक्षा महाग. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तिला वंगण द्यायचे, नाहीतर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट लवकर जातात आणि खिसा रिकामा होतो. वस्तीतल्या बोळात १९० किलोची गाडी मागे ढकलायची म्हणजे घाम निघतो. एप्रिलमध्ये सिग्नलला उभे राहिलो की इंजिनची धग पोटऱ्यांना लागते.

तेव्हा कमी खर्चात कामाला जाण्यासाठी ही गाडी आहे असे म्हणणे खोटे ठरेल. तीस किलोमीटरवरच्या गावात बैठकीला जायला शंभर सीसी पुरेशी आहे. पण दीडशे किलोमीटरवरच्या गावात बहिष्काराचे किंवा मारहाणीचे प्रकरण झाले, सकाळी फोन आला, दोघांनी जायचे, दिवसभर जबाब लिहायचे, पोलीस ठाण्यात थांबायचे आणि रात्री परत यायचे, तर फरक पडतो. शेवटची एसटी संध्याकाळी निघून जाते. मग मुक्काम कोणाकडे? ज्या गावात आपल्या घरांवर बहिष्कार आहे, तिथे मुक्कामाला राहून त्या कुटुंबावर आणखी ओझे टाकायचे का? हवे तेव्हा पोहोचता येणे आणि हवे तेव्हा निघता येणे, याची किंमत खेड्यात काम करणाऱ्याला कळते.

पण सगळे समर्थन कामाच्या नावाने करणे आम्हाला पटत नाही. आम्हाला गाडीवर लांब जायला आवडते. ही हौस आहे, आणि हौस असणे हा गुन्हा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने ऐपत असूनही धनसंचय करू नये असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळाची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे, त्याचे कपडे म्हणजे मेलेल्याच्या अंगावरचे, आणि त्याने कायम भटकत राहायचे. म्हणजे आमच्या पूर्वजांना फिरणे हीसुद्धा शिक्षा होती. स्वतःच्या मर्जीने, चांगल्या कपड्यांत, चांगल्या वाहनावर, दिवसाढवळ्या हमरस्त्याने जाणे, नेमके याला बंदी होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले, त्यात हेही होते. मग आज आपल्यातल्याच कोणी कार्यकर्त्याकडून दारिद्र्याची अपेक्षा करावी, आणि तिला त्याग म्हणावे, हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेब सुटाबुटात वावरले, त्याचा अर्थ आपण अजून नीट समजून घेतलेला नाही असे वाटते.

वाहन आणि जात यांचा संबंध आपल्या इतिहासात पानोपानी आहे. केरळात अय्यंकाळी यांनी १८९३ मध्ये बैलगाडी विकत घेतली आणि पुलया समाजाला ज्या सार्वजनिक रस्त्यांवर मज्जाव होता, त्या रस्त्यांवरून ती हाकत नेली. ती ‘विल्लुवंडी यात्रा’ म्हणून ओळखली जाते. वाहन घेणे आणि ते रस्त्यावर आणणे हेच आंदोलन होते.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात पहिलाच प्रसंग वाहनाचा आहे. साल १९०१. साताऱ्याहून निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. वडिलांकडे गोरेगावला जायचे आहे. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी तोडगा निघतो: भाडे दुप्पट, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. त्याला पैसा चालत होता, त्या पोरांचा सारथी होणे चालत नव्हते.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर आहेत. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य आहेत. महारवाड्यातले लोक त्यांना स्टेशनवर घ्यायला येतात. पाहुण्याला चालवत नेणे त्यांना प्रशस्त वाटत नाही, म्हणून टांगा ठरवायला जातात. टांगेवाले नकार देतात. महार बसलेला टांगा हाकणे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का होता. इथेही तोडगा निघतो: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्याच लोकांपैकी एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. वाटेत एका मोटारीला टांगा धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो आणि टांगेवाल्याच्या जातीय माजावर थांबतो. ते बरोबरच आहे. आम्हाला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. महारवाड्यात टांगा हाकता येणारा एकही माणूस मिळाला नाही, याचे कारण काय? टांगा चालवणे हा धंदा होता, आणि त्या धंद्याच्या जवळ आपल्याला कोणी येऊ दिले नव्हते. जातीने पैसा आणि जमीन हिरावली, तसे कसब शिकण्याची संधीही हिरावली. आणि ती किंमत कोणी मोजली? टांगेवाल्याने नाही. जो लगाम धरायला पुढे झाला, त्या भल्या माणसाच्या टांग्यातून बाबासाहेब पडले. त्याचा यात काही दोष नव्हता. शिकायला मिळाले नसेल तर नुसते वाहन हाती येऊन भागत नाही, हे मात्र चाळीसगावने सांगितले आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम त्या वाटेने गेलो. नाशिकहून मालेगावमार्गे चाळीसगाव, तिथून कन्नडचा घाट चढून वेरूळ, मग खुलताबाद आणि दौलताबाद. या वाटेवर बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग एका दिवसात भेटतात. चाळीसगावनंतर दौलताबादचा. १९३४ मध्ये चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे टूरवरच. दौलताबादच्या किल्ल्याशी पोहोचल्यावर प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. मागून आरडाओरडा झाला, की यांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई.

नव्वद वर्षांनी त्याच रस्त्याने आम्ही गेलो. तिकीट काढले, किल्ला पाहिला, बाटलीतले पाणी प्यायलो. कोणी अडवले नाही. वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ बसलो. तिथे गर्दी कैलास लेण्यापेक्षा पुष्कळ कमी असते. वेरूळ मंगळवारी बंद असते, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. बुद्धाने भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगावी चारिका करायला सांगितले आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास. आम्ही गाडीलाही तोच नियम लावला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लांबचा प्रवास बंद. घाटातला निसरडा रस्ता आणि खड्ड्यात साचलेले पाणी यांच्यापुढे कोणाचा अनुभव चालत नाही.

कोणी अडवले नाही याचा अर्थ सगळे बदलले असा मात्र नाही. आमच्या गाडीच्या मागच्या डब्यावर लहान अक्षरांत ‘जयभीम’ आहे. एका गावात चहा पिताना आधी गाडीचे कौतुक झाले, किती सीसीची, किती पळते, मग कोणाची तरी नजर डब्यावर गेली आणि पुढचा प्रश्न आला, आडनाव काय? त्यानंतर कौतुक संपले. एका लॉजवर आडनाव वाचल्यावर खोली अचानक ‘बुक’ झाली. आमच्या ओळखीतली काही मुले ठराविक गावांत जाताना गाडीवरचे स्टिकर झाकतात. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. ओळख लपवून प्रवास करण्याची गरज आपल्या लोकांना अजून भासते, एवढेच यातून दिसते.

आणि कधी कधी गोष्ट प्रश्नावर थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन तरुणाच्या हातांवर वार झाले. तू आमच्यासमोर बुलेट कशी चालवतोस, असे म्हणत हल्ला केल्याची तक्रार होती. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा बाळगणाऱ्या दलित तरुणाचा खून झाला. घोड्यावर बसतो म्हणून मारले, अशी वडिलांची फिर्याद होती. हात का तोडायचे? कारण हँडल हातांनी धरतात.

म्हणूनच प्रत्येक तरुणाला एक कलम पाठ हवे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातल्या कलम ३(१)(झेडए) मध्ये सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. तरीही २०१५ मध्ये संसदेला कायद्यात ‘मोटारसायकल’ हा शब्द लिहावा लागला, यावरून या देशातल्या रस्त्यांची स्थिती समजा. कोणी गाडी अडवली, तर फिर्यादीत हे कलम लावायला सांगा.

इथपर्यंत आपलेच लोक टाळ्या वाजवतील. पुढचे थोडे कडू आहे.

समाजशास्त्र शिकताना व्हेब्लेनचा ‘दिखाऊ उपभोग’ वाचला होता. श्रीमंत वर्ग वस्तू वापरण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त घेतो, असे त्याचे म्हणणे. जाहिरातवाल्यांनी हाच रोग खालपर्यंत पोहोचवला आहे. कंत्राटी नोकरी, पगार पंधरा हजार, वडिलांच्या नावावर कर्ज आणि दारात तीन लाखांची गाडी, अशी घरे आम्ही आमच्याच वस्तीत पाहतो. पहिले सहा महिने रुबाब, मग हप्ते थकतात आणि वसुलीची माणसे येऊन वस्तीसमोर गाडी उचलून नेतात. ज्या इज्जतीसाठी गाडी घेतली, ती इज्जत चारचौघांत जाते. आमचे म्हणणे सरळ आहे. शिकत असाल तर आधी शिक्षण. नंतर ऐपत आली की जुनी, चांगली तपासलेली, कागदपत्रे नावावर झालेली गाडी घ्या. अभिमानासाठी कर्ज काढू नका.

त्याहून मोठी गोष्ट चालवण्याची. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. सरकार या आकड्यांत जात मोजत नाही. पण वस्तीत काम करणाऱ्यांना माहीत आहे की आपल्या घरात एक कमावता मुलगा गेला की दोन बहिणींचे शिक्षण थांबते. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण काय पाहतो? तिघे-तिघे एका गाडीवर, डोक्यावर निळा फेटा आणि हेल्मेट नाही, फटाके फोडणारा सायलेन्सर. नंबरप्लेटवर नंबराऐवजी दुसरेच काही. पोलिसांच्या हातात आपण आयते कारण देतो. ज्या समाजाच्या नेत्याच्या पायाचे हाड न शिकलेल्या हाकणाऱ्यामुळे मोडले, त्या समाजाने वाहन चालवायचे शिक्षण एवढे हलके घ्यावे?

शिक्षण म्हणजे काय, तेही सांगतो. मोठी गाडी घेतल्यावर पहिला महिनाभर आम्ही दोघे पहाटे रिकाम्या मैदानावर जात होतो. पुढचा ब्रेक किती दाबायचा, वळणाच्या आधी वेग कसा कमी करायचा, वळणात ब्रेक का मारायचा नाही, डबलसीट असताना थांबायला किती जास्त अंतर लागते, हे पुन्हा पुन्हा केले. एबीएस असले तरी वाळूवर गाडी घसरते, हेही तिथेच कळले. आमच्यातली जी आधी फक्त मागे बसायची, ती आता अर्धे अंतर चालवते. पेट्रोल पंपावर ती हँडल धरून बसलेली असते तरी पंपवाला मागे बसलेल्याला विचारतो, “किती टाकू दादा?” हेही चाळीसगावच. आपल्यात लगाम कोणाच्या हाती द्यायचा आणि कोणाच्या नाही, हे आपणही ठरवून ठेवले आहे. आपल्या मुलींना स्कूटीच्या पुढे का जाऊ दिले जात नाही, याचा विचार आपण करायला हवा.

कागदपत्रांचेही शिक्षण हवे. मालक स्वतः गाडी चालवत असताना अपघातात गेला, तर १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण विम्यात असते. त्यासाठी वैध लायसन्स लागते. लायसन्स नसलेल्या किंवा विमा संपलेल्या गाडीवर गेलेल्या मुलाच्या आईला आम्ही काय सांगायचे? धडक देणाऱ्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, हेही अनेक घरांना माहीत नसते. प्रत्येक बुद्धविहारात वर्षातून एक रविवार याला द्यायला काय हरकत आहे? धम्मवंदना झाली की लायसन्स, विमा, हेल्मेट, ब्रेक. पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने विहारात येऊन ते नुसते म्हणू नये.

वर्षभरात आम्ही येवला, महाड, भीमा कोरेगाव आणि दीक्षाभूमी या गाडीवर पाहिली. नागपूरला जाताना समृद्धी महामार्ग आम्हाला बंद होता, कारण तिथे दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षेचे कारण समजते. पण ज्या राज्यात बहुसंख्य माणसे दुचाकीवर फिरतात, तिथला सर्वांत मोठा रस्ता फक्त चारचाकीवाल्यांचा असावा, आणि जुना रस्ता मात्र खड्ड्यांत सोडावा, यावर बोलले पाहिजे. आम्ही जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा करत दोन दिवसांनी पोहोचलो. येताना दोन्ही बाजूंच्या बॅगा पुस्तकांनी भरल्या होत्या. त्यातली निम्मी वाटेतल्या दोन वस्त्यांमधल्या वाचनालयांत दिली.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना आमचे उत्तर असे: फिरण्याचा हक्क आपल्या माणसांनी मार खाऊन मिळवला आहे, तो वापरला पाहिजे, आणि आनंदाने वापरला पाहिजे. गाडी शंभर सीसीची असो की चारशेची, ती आपल्याला मुक्त करत नाही, आडनाव विचारणारा तर कुठल्याच सीसीला घाबरत नाही. त्याच्यासाठी कायदा आणि संघटना आहे. आपल्या हातात जे आहे ते आपण करावे: कर्जाशिवाय घ्यावी, शिकून चालवावी, हेल्मेट घालावे, मुलींच्या हाती द्यावी. पुढच्या १४ एप्रिलला तुमच्या वस्तीतून दुचाकी मिरवणूक निघणार असेल, तर एक काम आजपासून सुरू करा. किती गाड्या आहेत, किती लायसन्स आहेत, किती विमे चालू आहेत आणि किती हेल्मेट आहेत, याची यादी करा. जिथे कमी पडेल तिथे वर्गणीतला डीजेचा खर्च कमी करा.

जयभीम.